पिकअपखालचा थेंब

ही गोष्ट खरी आहे.

सगळेच असं म्हणतात. म्हणोत बापडे. पण अच्युत खांबेटेला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. राईचा पर्वत करणाऱ्यांतला तो नव्हे. समोर खरोखर पर्वत उभा राहिला, तरी हा माणूस आधी टेप काढून त्याची उंची मोजेल.

हे त्यानं एकदाच सांगितलं. भर दुपारी, उन्हात खुर्ची टाकून. आणि सांगता सांगता मध्येच उठला... स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे ना, ते बघायला.

ठिकाण भोपाळ. एका सरकारी कारखान्याची टाऊनशिप. नव्वद सालचा डिसेंबर, आणि धुक्यानं भरलेली एक पहाट.

त्या पहाटेनं सगळं बिघडवलं.

अच्युत मूळचा पुण्याचा. कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात इंजिनिअर. मोठाल्या प्रेसमधली तेलगळती हुडकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या खात्याची एक शिस्तच होती म्हणा ना. जमिनीवर थेंब दिसला, की तो ओलांडून पुढे जायचं नाही. यंत्र कुणाचं का असेना, वाकायचं, वर बघायचं, आणि गळती बंद करूनच उठायचं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ही मंडळी पाण्याच्या पिंपाची तोटी आवळून मग जेवायला बसत.

शेजारच्या क्वार्टरमधला सुधाकर त्याच खात्यातला. ग्वाल्हेरचा मराठी माणूस, त्यामुळे बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. मनानं मात्र लोणी.

आणि सुचेता. अच्युतची बायको. भोपाळला आल्यापासून तिचं एकच मागणं होतं. पचमढी.

म्हणून त्यानं ती पिकअप घेतली. चारही चाकांना जोर देणारी, नदीनाल्यातून जाणारी, एका धरणाच्या साइटवरून लिलावात निघालेली जुनी गाडी.

"अहो, ही गाडी आहे की भाजीचा टेम्पो?" सुचेता हसली.

"सातपुड्यात कुठंही चढेल. बस तर खरी."

ती डाव्या सीटवर बसली. शाल गुंडाळून, खिडकी उघडी टाकून. मोठ्या तळ्यापर्यंत दोघं चक्कर मारून आले. परत आल्यावर ती म्हणाली, की इतकं छान तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्वार्टरसमोरच्या फरशीवर तेलाचे डाग होते.

सुधाकर कमरेवर हात ठेवून उभा. "यार खांबेटे, चार चाकांना जोर म्हणजे चार जागी गळती. फ्री में मिली."

अच्युतला तर बरंच वाटलं. घोड्याला चणे मिळाल्यासारखं.

त्याची पद्धत ठरलेली. गाडीचं पोट आधी डिझेलनं धुवायचं. कोरडं करायचं. मग सुचेताच्या डब्यातली टाल्कम पावडर खालून सगळीकडे फुंकायची. तेल जिथून निघेल तिथून त्या पांढऱ्या पावडरीवर काळी वाट उमटते. खाली ऑफिसातले रद्दी ड्रॉइंगचे मोठे कागद पसरायचे. सकाळी डाग वाचायचे. काळा असेल तर इंजिनचं. घट्ट आणि कुजक्या लसणासारखा वास असेल तर गिअरचं. बोटाला बुळबुळीत लागून रंग खाणारं ते ब्रेकचं.

"माझी पावडर गाडीला, आणि मला काय?" सुचेता म्हणायची.

एकेक गळती सापडत गेली. पुढच्या चाकांना जोर नेणाऱ्या ट्रान्सफर बॉक्सचं सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गेलं होतं. ते बदललं. पुढच्या एक्सलची हवा जायची नळी चिखलानं बुजली होती, आतला दाब सीलमधून तेल ढकलत होता. ती मोकळी केली. शेवटी राहिली मागच्या एक्सलची गळती. तिथं आधीच्या माणसानं सील बसवलंच नव्हतं. अच्युतला आश्चर्य वाटलं, आणि रागही आला. असं काम कोण सोडून देतं?

त्या रविवारी त्यानं तेही बसवलं.

सोमवारी कागद कोरा होता. त्यानं तो सुचेताला उचलून दाखवला, परीक्षेत पहिला आलेल्या मुलानं दाखवावा तसा.

आणि मंगळवारी ती पहाट आली.

धुकं इतकं, की फाटक दिसत नव्हतं. अच्युत सवयीनं टॉर्च घेऊन वाकला.

कागदावर एक थेंब होता...

डाव्या सीटच्या बरोबर खाली.

त्या जागी गाडीत तेलाचं काहीच नसतं. वर नुसता पत्रा, आणि पत्र्यावर सीट.

त्यानं टॉर्च वर फिरवला. पावडर पांढरी, जशीच्या तशी. कुठं रेघ नाही, ओल नाही.

थेंब खाली होता. वर वाट नव्हती.

त्यानं बोटावर घेतला. तेल नव्हतं. तांबूस, चिकट. गंजाचं पाणी असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. इंजिन, गिअर, दोन्ही एक्सल, ब्रेक, रेडिएटर. सगळ्यांच्या पातळ्या तपासल्या. काहीच कमी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन थेंब. मग चार. पातळ्या मात्र भरलेल्याच.

गाडीतून काही जात नव्हतं, तरी कागद भिजत होता.

"अहो," सुचेता एका सकाळी म्हणाली, "नळ नीट बंद केला नाहीत का? टपटप ऐकू येतंय."

त्यानं जाऊन पाहिलं. नळ कोरडा होता. पाणी अजून आलंच नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास तिला धाप लागू लागली. तिळगुळाचा डबा फळीवरून काढताना ती मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. टाऊनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुहासिनी इंदूरच्या, सुचेताची त्यांची चांगली ओळख. रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हिमोग्लोबिन फारच कमी आहे. रक्तस्राव होतोय का कुठून?"

कुठूनच होत नव्हता. पोट बघितलं, आतडी बघितली, होत्या नव्हत्या त्या तपासण्या झाल्या. शहरातले मोठे डॉक्टर येऊन बघून गेले.

"शरीर रक्त बनवतंय," सुहासिनी म्हणाल्या, "पण ते टिकत नाही. कुठंतरी झिरपतंय. कुठं, ते सापडत नाहीये."

आयुष्यभर गळत्या शोधणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवलं जात होतं. आणि त्याला फरशीवरचा कागद आठवत होता, आणि तो आठवू नये म्हणून तो खिडकीबाहेर बघत होता.

सुचेताला रक्त चढवलं. एक बाटली सुधाकरची, एक खात्यातल्या दुसऱ्या माणसाची. संध्याकाळी तिच्या गालांवर रंग आला. ती सुधाकरला म्हणाली, "भाऊजी, आता मी पण तुमच्यासारखं अर्धं हिंदी बोलणार बघा." सगळे हसले. अच्युत सुद्धा हसला.

सकाळी तो कपडे बदलायला घरी आला.

पिकअपखाली बघायचं नाही, असं ठरवून आला होता.

पण बघितलंच...

कागद पूर्ण भिजला होता. कडेपर्यंत. तांबडा, मधोमध साकळलेला. आणि वर पावडर पांढरीशुभ्र.

तो तिथंच फरशीवर बसला. रक्ताचा वास ओळखायला माणसाला इंजिनिअर व्हावं लागत नाही. त्याला ओरडावंसं वाटलं, पण कुणाला हाक मारायची आणि काय सांगायचं?

दवाखान्यात पोचला तेव्हा सुहासिनी रिपोर्ट हातात घेऊन उभ्या होत्या. आकडा पुन्हा खाली आला होता.

त्याच दिवशी त्यानं गाडी हलवली. सुधाकरच्या भावाची टी. टी. नगरात मोकळी जागा होती, तिथं ओढून नेली. सुधाकरनं कारण विचारलं. अच्युत म्हणाला, डोळ्यांसमोर नको. तेवढं खरंच होतं.

मग त्यानं रिकाम्या फरशीवर नवा कागद पसरला. वर गाडी नाही. वर काहीच नाही, नुसतं आकाश.

सकाळी कागदावर डाग होता. त्याच जागी.

गाडी कुणाकडून आली, हे त्यानं शोधून काढलं. धरणाच्या साइटवर ती नीळकंठ मराठे नावाच्या इंजिनिअरांकडे असायची. निवृत्त होऊन ते अरेरा कॉलोनीत राहत होते. दुपारी अच्युत तिथं पोचला. म्हातारे झोपाळ्यावर शेंगा सोलत बसले होते.

पिकअपचं नाव काढताच त्यांचे हात थांबले.

"मागच्या एक्सलचं सील... बसवलंत का तुम्ही?"

"हो."

"आणि बाकीचं?"

"सगळं बंद केलं. एक थेंब ठेवला नाही."

नीळकंठांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. आतून कुकरची शिट्टी झाली.

"अहो, ती एक गळती राहू द्यायची होती," ते हळूच म्हणाले. "मला गाडी मिळाली तेव्हा तिथल्या ड्रायव्हरनं सांगितलं, साहब, पीछेवाला टपकने दो, बस तेल डालते रहो. मी कारण विचारलं नाही. तेल सरकारचं, गाडी सरकारची. ओतत राहिलो."

"आणि तुमच्या आधी कुणाकडे होती?"

"होते एक. फार हुशार माणूस. तुमच्यासारखेच. त्यांनी सगळं बंद केलं होतं."

"मग?"

"मग काय... जोडीनं आले होते साइटवर. परत गेले ते एकटेच."

अच्युत जिना कसा उतरला, ते त्याला आठवत नाही. एवढंच आठवतं, की खात्यात नव्या पोरांना तो स्वतःच शिकवायचा. दाब असेल, तर एक भोक बुजवलं की तो दुसरं शोधतो.

त्यानं शोधायला लावलं होतं. स्वतःच्या हातानं.

गाडी परत आणली. क्वार्टरसमोर उभी केली. मागचं सील त्यानं पान्यानं अक्षरशः उपटून काढलं. काळं, कुजक्या लसणाच्या वासाचं तेल गळू लागलं. पावडरीवर वाट उमटली. एक्सलमधली पातळी उतरू लागली. खरी गळती, साधी गळती. त्या घाणेरड्या थेंबांकडे बघून अच्युत लहान पोरासारखा रडला.

डाव्या सीटखालचा कागद कोरडा राहिला.

आणि दवाखान्यात आकडा थांबला. खाली जायचा थांबला. दोन दिवसांनी तर किंचित वर आला. सुहासिनींनाही नवल वाटलं. "काय केलंत हो?" त्या म्हणाल्या.

आता एकच काम होतं. तेल संपू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायचं आणि ओतायचं. गाडी कोरडी पडली, की ती पुन्हा दुसरीकडून घेणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण सुचेता त्याला उठू देत नव्हती. तो दारापर्यंत गेला, की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. "तुम्ही बसा ना इथं. तुम्ही नसलात की मला ते टपटप ऐकू येतं."

म्हणून त्यानं सुधाकरला सांगितलं.

"पिकअपच्या मागच्या एक्सलमध्ये रोज दोन वेळा तेल टाक. कितीही गळू दे. कारण विचारू नकोस."

सुधाकरनं त्याच्याकडे नीट बघितलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याला काय वाटलं असेल, ते कुणालाही कळेल. त्यानं मित्राचा हात दाबला. "टाकतो, यार. तू वहिनींजवळ बस."

तीन दिवस बरे गेले. सुचेतानं बसून वरणभात खाल्ला. पचमढीला स्वेटर कुठला न्यायचा, यावर ती बोलत होती. अच्युतनं इतकी वर्षं देवाला कधी काही मागितलं नव्हतं, तो आता ज्याला त्याला हात जोडत होता.

चौथ्या दिवशी, भेटीच्या वेळेला, सुधाकर आला. हातात बायकोनं, कांचननं, दिलेल्या सुपाचा थर्मास. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"खांबेटे, गाडीची फिकर सोड आता. आज सुट्टी होती, सगळी गँग बोलावली खात्यातली. पाहतो तर मागचं सीलच गायब! कोणी नालायकानं काढलं, कोण जाणे. नवीन टाकलं. बाकीचे जॉइंटपण कसून घेतले. कांचनला बसवून तळ्यापर्यंत ट्रायल सुद्धा घेऊन आलो. मग खाली कागद टाकून पाहिला." त्यानं अच्युतच्या खांद्यावर थाप मारली. "एक थेंब नाही, यार. एक थेंब नाही."

वॉर्डमध्ये शांतता होती.

आणि त्या शांततेत...

टप्.

पलंगाच्या खालून. अच्युत वाकला. फरशी कोरडी होती.

टप्.

"अहो," सुचेता म्हणाली. आवाज आत ओढल्यासारखा. "नळ..."

तिचे ओठ त्याच्या डोळ्यांदेखत पांढरे होत होते. तो उठला, पण तिनं मनगट धरलं होतं. इतक्या अशक्त हातात इतकी ताकद कुठून आली, देव जाणे.

"जाऊ नका."

"सुधाकर," अच्युत म्हणाला, "ते सील काढ. आत्ता. स्कूटर घे, जा, आणि काढून टाक. हात जोडतो तुला."

सुधाकरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं मान डोलावली. "हो. काढतो. आत्ता जाऊन काढतो. तू शांत हो."

तो बाहेर गेला.

अच्युत सुचेताचा हात धरून बसला. सुहासिनी धावत आल्या, बाटली लावली, नर्स पळाल्या. त्या सगळ्या धावपळीत तो मनातल्या मनात स्कूटरबरोबर जात होता. आता फाटक. आता चौक. आता क्वार्टर. आता सुधाकर गाडीखाली शिरला असेल. आता पाना लावला असेल.

टप्... टप्... टप्.

आता निघालं असेल. आता तरी निघालं असेल.

मग आवाज थांबला.

अच्युतला एक क्षण आनंद झाला. सांगतानाही तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, निघालं सील."

त्यानं सुचेताकडे बघितलं. तिच्या हातात आता ताकद नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा सुधाकर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. रुमालात तोंड खुपसून रडत होता. तो कुठंच गेला नव्हता. दुःखानं वेड लागलेल्या मित्राला खोटं का होईना, हो म्हणावं, आणि त्याला सोडून जाऊ नये, एवढंच त्याला सुचलं होतं.

अच्युत त्याच्या शेजारी बसला. सुधाकरनं त्याला मिठी मारली. "आपण सगळं केलं, यार," तो म्हणत राहिला. "आपण काही बाकी ठेवलं नाही."

अच्युतनं त्याला कधीच काही सांगितलं नाही. काय सांगणार? आणि कसं?

त्याच संध्याकाळी, नातेवाईक जमायच्या आत, अच्युत पान्यासकट पिकअपखाली शिरला. लोक म्हणाले, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. पण त्याच्या कानात सुधाकरचं एक वाक्य अडकलं होतं. कांचनला बसवून ट्रायल घेतली.

डाव्या सीटवर.

त्यानं सील काढलं, तेव्हा कुठं शेजारच्या क्वार्टरमधून कांचनचा आवाज आला. तिला एकाएकी चक्कर येऊन गेली होती. आता बरं वाटत होतं.

पुढं अच्युतची पुण्याला बदली होत होती, ती त्यानं नाकारली. निवृत्त झाल्यावर भाऊ न्यायला आला, त्याच्याबरोबरही गेला नाही. सुधाकरनं टाऊनशिपबाहेर घर बांधलं, तर यानंही शेजारीच भाड्यानं लहानसं घर घेतलं. अंगणात ती पिकअप. चालत नाही, पण गळते. रोज सकाळ-संध्याकाळ तो तेल ओततो. सुधाकर अजूनही अधूनमधून कुंपणावरून म्हणतो, "खांबेटे, एक दिवस दे, बंद करून टाकतो." कांचन हसून नवऱ्याला गप्प करते. ती ठणठणीत आहे. नातवंडं खेळवते.

का गळते, ते थेंब कुणाला पाहिजे असतात, सुरुवात कुठून झाली, काही कळलेलं नाही. नीळकंठ तर कधीच गेले.

मागच्या हिवाळ्यात अच्युतचा उजवा हात थरथरायला लागला. डबा धरताना निम्मं तेल बाहेर सांडतं. हे सांगून झाल्यावर त्यानं तेलाचा डबा समोरच्यापुढे सरकवला.

मग विचारलं, "तू भोपाळला राहायला येशील का?"

त्याला अजून होकार मिळालेला नाही.